जुन्या जीपला डिझेलचे इंजिन : कारागिरी, कायदा आणि हिशेब

पावसाळ्यात काळ्या रानातली पाणंद म्हणजे काय चीज असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. बैलगाडी आखापर्यंत रुतते, ट्रॅक्टर जागच्या जागी खड्डा पाडतो, आणि मोटारसायकल खांद्यावर घ्यायचीच तेवढी बाकी राहते. पण धारा काढून झाल्या की दूध डेअरीवर गेलेच पाहिजे. तोडलेली भाजी बाजाराला पोचलीच पाहिजे. आणि घरात कोणी अडलेली बाई असेल, तर रात्र-अपरात्र न पाहता तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलेच पाहिजे. अशा वेळी चारही चाकांना जोर असलेली गाडी दारात असणे म्हणजे घरात एक कर्ता माणूस जास्त असल्यासारखे आहे.

आपल्याकडे पुष्कळ वाड्यांच्या पडवीत आजही एखादी जुनी पेट्रोल जीप ताडपत्रीखाली उभी असते. आजोबांनी उसाच्या पहिल्या पैशांत घेतलेली, पेट्रोल फार पिते म्हणून थांबवलेली. अशा घरात एक वाद हमखास रंगतो. आयटीआय करून आलेला पोरगा म्हणतो, “हिला डिझेलचे इंजिन चढवू, मागे हौदा करू, शेताची गाडी होईल.” बाप खर्चाचा आकडा विचारतो. आणि आई विचारते, “हिच्यात बसणार कोण, आणि ब्रेक लागतात का?” तिघांचेही प्रश्न खरे आहेत. या लेखात तिघांनाही उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

जीप आली कुठून?

जीप ही मूळची लढाईतली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीने ती हजारोंच्या संख्येने सैन्याला पुरवली. युद्ध संपल्यावर शेतकऱ्याच्या कामाची गाडी म्हणून तिचा नवा अवतार निघाला. आपल्याकडे महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे ती इथेच बनू लागली. उंच बॉनेटची जी जीप आपण गावोगाव पाहतो, तिचे मूळ १९५३ साली अमेरिकेत निघालेल्या ‘सीजे-३बी’ या जातीत आहे. तिचे बॉनेट उंच का, तर आतले ‘हरिकेन’ नावाचे २,१९९ घनसेंटीमीटरचे पेट्रोल इंजिन उंच होते. त्याचा एक व्हॉल्व्ह माथ्यात आणि दुसरा ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. या उंच बॉनेटचा पुढे फिटर लोकांना फार उपयोग झाला, कारण त्याखाली डिझेलचे उंच धूड मावू लागले.

१९७० नंतर जगात खनिज तेल भडकले. आपल्याकडे डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त होते. तेव्हापासून पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवण्याचा धंदा तालुक्यातालुक्याच्या गॅरेजांत सुरू झाला. कोणी ट्रॅक्टरचे इंजिन बसवी, कोणी मॅटाडोरचे. खुद्द कंपनीनेही डिझेल जीप काढल्या. १९७९ साली महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि २,११२ घनसेंटीमीटरचे प्यूजो इंजिन आपल्या जीपगाड्यांत येऊ लागले. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला कंपनीचा इंजिनांचा कारखाना उभा राहिला. पुढे हीच इंजिने जुन्या बाजारात मिळू लागली आणि कितीतरी पेट्रोल जीपच्या पोटात जाऊन बसली.

आधी कायदा, मग पाना

पूर्वी आरटीओची परवानगी घेऊन इंजिन बदलता येई आणि तशी नोंद आरसी बुकात होत असे. आज तसे राहिलेले नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. कारखान्याने गाडीचे जे मूळ वर्णन दिले आहे आणि आरसी बुकात जे लिहिले आहे, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनांसाठी मान्यता मिळालेला संच बसवण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, पण तीही नियमांच्या चौकटीत. जुन्या बाजारातून इंजिन आणून गॅरेजमध्ये चढवणे त्यात बसत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केरळातल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. २०१९ च्याच दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेवली.

काही जण म्हणतात, “आपली गाडी शेतातच फिरणार, आपल्याला काय त्याचे?” पण शेतातून डेअरीला जाताना सडक ओलांडावीच लागते. उत्तरेकडे पंपाचे इंजिन गाड्यावर बसवून ‘जुगाड’ चालवतात. तेही मोटार वाहनच आहे, त्यालाही हाच कायदा लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले.

आणि दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. देव न करो, पण अपघात झाला, समोरचा माणूस दगावला, आणि इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळला नाही, तर विमा कंपनी हात वर करण्याचा संभव असतो. मग भरपाईचा बोजा सातबाऱ्यावर येतो. एका इंजिनापायी जमीन घालवायची पाळी कोणावरही येऊ नये.

मग खालची माहिती कोणासाठी? दोन जणांसाठी. एक, ज्यांच्या जीपच्या आरसी बुकात ‘डिझेल’ अशी नोंद आधीपासून आहे आणि ज्यांना ती नीट राखायची आहे. दुसरे, जे अशी जुनी जीप किंवा हौद्याची गाडी विकत घ्यायला निघाले आहेत. घोडा घेताना दात पाहतात, तशी ही गाडी पाहावी लागते.

सांगाडा : घराचा पाया

पहिल्यांदा गाडीखाली झोपायचे. सोबत एक वायरब्रश, बॅटरी आणि पाच मीटरची टेप घ्या. चासीवरचा चिखल खरवडून काढा. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असते आणि हादरेही जास्त देते. त्यामुळे इंजिन जिथे बसवले आहे तिथे आणि पुढच्या पाट्यांच्या हँगरपाशी चासीला तडे जातात. तड्यावर नुसते वेल्डिंगचे थर दिसले, तर गाडी सोडून द्या.

मग टेपने आडवातिडवा कर्ण मोजा. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत एक माप, आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत दुसरे. घराची जोती आखताना गवंडी जसा गुण्या तपासतो, तसेच हे. दोन्ही मापांत बोटभर फरक असेल, तर ती गाडी कधीतरी पलटलेली किंवा ठोकलेली आहे असे समजा.

कोणते इंजिन? चाकाचे गणित

पुष्कळांची समजूत असते की इंजिन जितके मोठे तितकी गाडी चांगली. तसे नाही. इंजिनाचे फेरे आणि गाडीचे दात यांचा मेळ बसला पाहिजे. हे गणित शाळेतल्या पोरालाही करता येते.

जुन्या जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ असते. म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरते. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण २.२ मीटर पुढे जाते. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बरोबरीने फिरतात. आता इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल, तर गाडी ताशी सुमारे ७३ किलोमीटर जाईल. पण ट्रॅक्टरचे इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास काम करणारे. तेच या जीपला जोडले, तर गाडी ताशी ४९ किलोमीटरच्या वर जाणार नाही. पंपाचे इंजिन १,५०० फेऱ्यांचे. त्यावर ३७ किलोमीटर. इंजिन तिथे जोरजोराने ओरडू लागते आणि मालक म्हणतो गाडी पळत नाही.

यावर उपाय म्हणून डिफरन्शियलचे दात बदलतात. तिथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढचे आणि मागचे, दोन्ही प्रमाण एकच हवे. मागचेच बदलले, तर फोर-व्हील लावताच पुढची चाके एका गतीने आणि मागची दुसऱ्या गतीने फिरू पाहतात. एका जुवाला दोन ओढीचे बैल जोडल्यासारखे होते. शाफ्टचे क्रॉस नाहीतर गिअरचे दात तुटतात. विकत घेताना हे अवश्य विचारा.

आता याच गणिताची चांगली बाजू पाहा. पहिला गिअर सुमारे २.८, त्याला जोडलेला लो-गिअर २.४६, आणि डिफरन्शियल ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे इंजिनाचे फक्त १,००० फेरे असताना जीप ताशी साडेतीन किलोमीटर चालते, अगदी बैलाच्या चालीने. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देते, म्हणून अशी गाडी चिखलातून न भडकता, न घसरता, शांतपणे बाहेर येते. डिझेल जीपची सारी कीर्ती या एका गुणावर उभी आहे.

जोडणीची नाजूक जागा

इंजिन एका कंपनीचे, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा. त्यांची भोके जुळत नाहीत. मधे जाड पोलादी प्लेट घालावी लागते. ही प्लेट म्हणजे या कामाचा आत्मा. गिअरबॉक्सचा पुढे आलेला शाफ्ट फ्लायव्हीलच्या मध्यावरच्या बुशात अगदी नेमका बसायला हवा. चांगले कारागीर डायल गेज लावून मध्य तपासतात आणि पाच थाऊच्या वर फरक चालू देत नाहीत. पाच थाऊ म्हणजे मिलिमीटरचा सुमारे आठवा भाग. डोळ्यांनी तो दिसत नाही, पण गाडीला तो कळतो. फरक राहिला की क्लच प्लेट लवकर जाते, बेअरिंग बोंबलते, आणि चालू गिअर आपोआप सुटतो. विकत घेताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढावर न्या आणि पाय एकदम उचला. गिअर उडाला, तर दोष गिअरबॉक्सचा आहे किंवा या प्लेटचा. दोन्ही खर्चाचेच.

इंजिन रबरी गुटक्यांवर बसलेले असावे, थेट लोखंडावर नाही. इंजिनाखालची तेलाची परात आणि पुढची आस यांच्यात पुरेशी जागा हवी. गाडी खड्ड्यात आदळली की आस वर येते. परातीवर घासल्याची खूण दिसली, तर एक ना एक दिवस परात फुटेल आणि तेलावाचून इंजिन जाम होईल.

पाणी, डिझेल आणि वीज

रेडिएटर इंजिनाच्या मानाने पुरेसा हवा आणि पंखा त्याच्या मध्यावर यायला हवा. गाडी पहिल्या गिअरमध्ये रानात अर्धा तास चालवून पाहा. सडकेवर वारा लागतो म्हणून इंजिन थंड राहते, खरी परीक्षा रानात होते.

डिझेलच्या वाटेवर पाणी वेगळे करणारा फिल्टर असावा. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला की पंप आणि नोझल खराब होतात, आणि डिझेल इंजिनाचा सर्वांत महागडा भाग तोच असतो. नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळीही पाहा.

इथे एक सावधगिरीची सूचना. जुनी पेट्रोलची टाकी रिकामी दिसली, तरी तिला वेल्डिंग लावू नका. आत राहिलेली वाफ ठिणगीने भडकते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. टाकी गळत असेल तर नवी घ्या.

डिझेल इंजिनाला पेट घ्यायला ठिणगी लागत नाही. हवा एवढी दाबली जाते की ती तापून डिझेल आपोआप पेटते. तेवढा दाब फिरवायला सेल्फ मोठा लागतो आणि बॅटरीही दमदार लागते. जुन्या काही जीपची वायरिंग ६ व्होल्टची असे. तीवर १२ व्होल्टचा भार टाकलेला असेल, तर वायरी तपासल्याशिवाय गाडी घरात घेऊ नका.

ठिणगी नसल्याचा एक फायदा असा, की ओढ्यातून जाताना पेट्रोल गाडीचे प्लग आणि डिस्ट्रिब्युटर भिजून ती बंद पडते, तशी डिझेल पडत नाही. पण म्हणून फाजील धाडस करू नये. हवा ओढण्याच्या नळीतून पाणी आत गेले, तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नळी कुठे आहे ते पाहा आणि तिच्या पुष्कळ खालपर्यंतच पाण्यात उतरा. पुराच्या वाहत्या पाण्यात तर कोणतीच गाडी घालू नये.

ब्रेक : आईचा प्रश्न

आता घरातल्या बाईने विचारलेला प्रश्न. जुन्या जीपचे ब्रेक ड्रमचे, ९ इंची. ते हलक्या गाडीसाठी केलेले. इंजिन जड झाले, मागे हौदा आला, त्यात पोती भरली, तरी ब्रेक तेवढेच. इथेच बहुतेक अपघातांचे मूळ सापडते.

काही गाड्यांना ब्रेक हलके व्हावेत म्हणून व्हॅक्यूमचा बूस्टर लावतात. पेट्रोल इंजिन चालताना हवा ओढून पोकळी तयार करते, तिच्यावर बूस्टर चालतो. डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर तशी झडप नसते, म्हणून पोकळी तयार होत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बूस्टर आहे आणि पंप नाही, असे दिसले तर तो बूस्टर शोभेचा.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडू नका. ड्रम तापले की ब्रेक लागत नाहीत, आणि मग हाती नुसते स्टिअरिंग उरते.

मागचा हौदा

जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर फक्त ८० इंच. इतक्या आखूड गाडीला लांब हौदा शोभत नाही आणि सोसतही नाही. वजन मागच्या आसाच्या मागे गेले की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग भलतीकडे जाते, आणि चढावर गाडी तोंड वर करते. हौदा आखूड असावा, जड माल केबिनच्या पाठीला टेकून ठेवावा. खताची पोती खाली, कडब्याच्या पेंढ्या वर.

पाटे वाढवून गाडी उंच करण्याची हौस हल्ली तरुणांत दिसते. उंच गाडी खड्डे सहज ओलांडते खरी, पण बांधाच्या उतारावर तितकीच सहज कलंडते. आणि हौद्यात माणसे, त्यातही पोरे, कधी बसवू नयेत. जत्रेला जाताना हौदाभर माणसे घेऊन निघालेली गाडी पलटली, की एका घराचे नव्हे, सबंध गल्लीचे नुकसान होते.

पैशाचा हिशेब

समजा, गाडी महिन्याला ४०० किलोमीटर फिरते. पेट्रोलवर लिटरला ८ आणि डिझेलवर १२ किलोमीटर असे धरू. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. पेट्रोलचे ५० लिटर, म्हणजे ५,००० रुपये. डिझेलचे ३३ लिटरच्या वर थोडे, म्हणजे ३,००० रुपये. बचत महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,०००.

आता इंजिन, प्लेट, पाटे, ब्रेक, वायरिंग आणि मजुरी मिळून दोन लाख खर्च आला असे धरा. ते फिटायला आठ वर्षे चार महिने लागतील. पूर्वी हे गणित वेगळे होते, कारण दोन इंधनांच्या दरांत मोठी दरी होती. पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून २०१० साली सुटले, डिझेलचे २०१४ साली, आणि ती दरी पुष्कळ भरून आली. आपल्या गावचे दर आणि आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज घालून हा हिशेब वहीत मांडून पाहा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होत नाही ना, ते कळेल.

मग करावे काय?

आरसी बुकात डिझेलची नोंद असेल आणि इंजिनाचा नंबर जुळत असेल, तर ती जीप जपा. इंजिन बदलायचीच वेळ आली तर त्याच बनावटीचे आणि त्याच जातीचे घ्या, आणि आधी आरटीओत जाऊन लेखी परवानगी काढा. नंतर नव्हे.

पेट्रोलची नोंद असेल, तर त्याच इंजिनाचे काम करून घ्या. बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर नीट केले तर जुने इंजिन पुन्हा उभे राहते, आणि फोर-व्हीलचा गुण तर तसाच राहतो. पावसाळ्याचे चार महिने, अडीअडचणीला, एवढ्यासाठी गाडी हवी असेल तर पेट्रोलचा खर्च फारसा जाणवणार नाही. रोजचेच काम असेल, तर कारखान्यातूनच डिझेल म्हणून निघालेली जुनी गाडी पाहावी. इंजिन, ब्रेक आणि पाटे यांचा मेळ तिथे आधीच घातलेला असतो.

आणि पोराची हौस मोडू नका. हात चालवायची आवड असलेला पोरगा घरात असणे हे भाग्यच आहे. त्याला आधी त्याच जीपचे ब्रेक उघडायला लावा. चारही ड्रम साफ करून, नवे लायनर बसवून, गाडी सरळ रेषेत थांबवून दाखव म्हणावे. ज्याला गाडी थांबवता आली, त्याच्याच हाती पळवायचे काम सोपवावे.